कोजागरीच्या गच्चीवर प्रथमच जाणाऱ्यांसाठी

कोजागरीला गच्चीवर जाऊन दूध प्यायला काही शिकावं लागत नाही, असा समज आहे. दूध कुणीही पितं. प्रश्न ते आटेपर्यंतच्या तीन-चार तासांचा आहे. या वेळात काय बोलायचं, कुणाला किती बोलू द्यायचं आणि कुठल्या प्रश्नाला चुकूनही खरं उत्तर द्यायचं नाही, हे ठाऊक नसलेली माणसं दरवर्षी उघडी पडतात. कुणी सोसायटीत नुकतंच राहायला आलेलं असतं, कुणी लग्न होऊन आलेलं असतं, कुणी दहा वर्षं इथेच असतं पण रात्रपाळीमुळे आजवर सुटलेलं असतं. हे टिपण या सगळ्यांसाठी. उदाहरणं डोंबिवलीची आहेत, कारण आमची गच्ची तिथे आहे. ठाणे, कोथरूड, नाशिकच्या गच्च्यांनाही ती थोड्याफार फरकाने लागू पडावीत. सोलापूरकरांनी वाचलं नाही तरी चालेल. तिकडचे भाविक या पौर्णिमेला तुळजापूरला चालत निघतात, आणि रात्रभर चालणाऱ्या माणसांना गप्पा कशा मारायच्या हे आम्ही काय शिकवणार.

तारखेचा विषय

गप्पा कोजागरीच्या रात्री सुरू होत नाहीत. त्या आठवडाभर आधी जिन्यात सुरू होतात, आणि पहिला विषय ठरलेला असतो : यंदा कोजागरी नक्की कधी? इथे नवखा माणूस खिशातून मोबाइल काढतो, तारीख सांगतो आणि विषय मारून टाकतो. तारीख सगळ्यांना माहीत असते. 'कालनिर्णय' १९७३ पासून निघतंय आणि बहुतेक स्वयंपाकघरांत दारामागे लटकतंय. विचारणाऱ्याला तारीख नको असते. त्याला तिथीवर दोन शब्द बोलायचे असतात आणि तुमच्याकडून दोन ऐकायचे असतात.

त्यापुरतं ज्ञान असं : आश्विन पौर्णिमा ज्या मध्यरात्री असेल ती रात्र कोजागरीची. २०२४ साली पौर्णिमा १६ ऑक्टोबरला रात्री साडेआठनंतर लागली आणि १७ तारखेला संध्याकाळी पाचच्या सुमारास संपली, म्हणून कोजागरी १६ ची. एवढं बोलून थांबावं. लगेच कुणीतरी म्हणतं, "पण १६ ला बुधवार येतोय हो. शनिवारी करू या का?" याला विरोध करू नये. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो आणि तीन दिवसांत एका बाजूने किंचित झिजतो, एवढंच. शास्त्रापेक्षा रूढी बलवान, आणि रूढीपेक्षा सकाळची फास्ट लोकल.

२०२३ साली मात्र शनिवार आपणहून चालून आला. अधिक श्रावणामुळे सगळे सण पुढे ढकलले गेले होते आणि कोजागरी २८ ऑक्टोबरला, बरोबर शनिवारी होती. सगळे खुश. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की त्याच रात्री एकनंतर खंडग्रास चंद्रग्रहण आहे आणि वेध दुपारपासूनच लागताहेत. त्या वर्षी जिन्यात जे बोलणं झालं त्याला तोड नाही. एक पक्ष म्हणाला, दूध दुपारीच पिऊन घ्या. दुसरा म्हणाला, दुधात तुळशीचं पान टाका, भागलं. तिसरा विज्ञाननिष्ठ होता. त्याने पृथ्वीची सावली म्हणजे काय ते मोसंबं आणि लिंबू घेऊन समजावून सांगितलं आणि लिंबू भेळेसाठी ठेवून घेतलं. अशा वेळी नवख्याने कुठलाच पक्ष घेऊ नये. "आमच्याकडे पान टाकतात" एवढं म्हणावं. आमच्याकडे म्हणजे कुठे, हे कुणी विचारत नाही.

किल्ली, चटई आणि बसायची जागा

गच्चीला कुलूप असतं. किल्ली सेक्रेटरींकडे असते असं सगळे धरून चालतात, सेक्रेटरी ती वॉचमनकडे आहे असं सांगतात, आणि वॉचमन केबलवाल्याने नेल्याचं कळवतो. हा अर्धा तास वाया गेला असं समजू नका. शेवटच्या मजल्याच्या जिन्यात, हातात डबे आणि चटया घेऊन, दहा-बारा माणसं उभी असतात तेव्हा जेवढी ओळख होते तेवढी पुढे अख्ख्या रात्रीत होत नाही. कोण किल्लीवरून चिडतं, कोण "मी बघतो" म्हणून खाली उतरतं आणि परत येत नाही, कोण शांतपणे पायरीवर बसून घेतं, हे इथेच टिपून ठेवावं. पायरीवर बसणाऱ्याच्या शेजारी चटई टाकायची आहे.

आठची वेळ दिली असेल तर नऊला जावं. साडेआठला गेलात तर खुर्च्या वर चढवायला लागतील. चटई पाण्याच्या टाकीजवळ टाकू नये, तिथे डास असतात. शेगडीजवळही टाकू नये, तिथे उलथनं हातात येतं. लिफ्टच्या मशीनरूमच्या भिंतीला पाठ टेकता येते, पण ती जागा ज्येष्ठांची. मधल्या जागेत बसावं. तिथून दोन्हीकडचं ऐकू येतं आणि कुठल्याही बाजूने "काय म्हणता?" असं विचारलं की "काही नाही" म्हणायची सोय राहते.

आल्याआल्या आकाशाविषयी बोलणं सक्तीचं आहे. मुंबई परिसरातून पाऊस परतण्याची हवामान खात्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर. पण ती सर्वसाधारण आहे. कोजागरी लवकर आली, २०२५ सारखी ६ ऑक्टोबरला, तर ढगांची चर्चा अर्धा तास पुरते. उशिरा आली तर उकाड्याची. दोन्ही बाबतींत "पूर्वी असं नव्हतं" हे वाक्य चालतं. ते तिशीच्या आतल्या माणसाने म्हटलं तर लोक हसतात, म्हणून तेवढं वय भरेपर्यंत नुसती मान हलवावी.

या रात्री घरातल्या थोरल्या अपत्याला ओवाळायची रीत आहे, तिला आश्विनी म्हणतात. काही जण ते गच्चीवरच उरकतात. पन्नाशीच्या काकांनाही ऐंशीच्या आजी तबक घेऊन उभं राहायला सांगतात आणि काका टोपी नाही म्हणून डोक्यावर रुमाल टाकतात. यावेळी धाकट्या भावंडांच्या चेहऱ्याकडे बघू नये. पुढच्या गप्पांत त्यांचा सूर थोडा तिरका लागतो, त्याचं कारण हे असतं.

दुधाजवळ

आता दूध. पंचवीस माणसांना पाच लिटर म्हशीचं दूध लागतं, आणि ते आटून पाऊणपट व्हायला हवं. घरच्या ओट्यावर हे काम तासाभरात होतं. गच्चीवर वारा असतो. शेगडीची ज्योत कधी उजवीकडे पळते, कधी डावीकडे, पातेलं तिच्या वाटेत अधूनमधूनच येतं. मग कुणीतरी जुन्या पलंगाची फळी आणतं, कुणी पत्र्याचा तुकडा, आणि तीन बाजूंनी आडोसा होतो. चौथ्या बाजूला एक माणूस उभा करतात. नवखा असेल तर बहुधा तुम्हालाच.

उभे राहिलात तर एवढं पाहा. पातेल्यात दूध ओतायच्या आधी घोटभर पाणी फिरवलेलं असावं, म्हणजे तळाशी लागत नाही. ढवळताना उलथनं तळाला घासत गेलं पाहिजे. वरच्यावर गोल फिरवणारा माणूस ढवळतो आहे असं दिसतं, पण खाली दूध धरत असतं. कडेला जमलेली साय खरवडून पुन्हा दुधात सोडायची. साखर दूध आटल्यावर. केशर वाटीभर कोमट दुधात आधीच खलून ठेवलेलं. बदाम-पिस्त्यांची पूड जाडसर, चारोळी अख्खी, वेलदोडा सोलून कुटलेला, आणि शेवटी जायफळ, किसणीवर दोनदा ओढण्याइतकं. साखर घालायच्या आधी एक छोटं पातेलं बाजूला काढून ठेवतात. ते मधुमेह असलेल्यांसाठी असतं. ते लोक त्यातलं पितात आणि मग गोड कसं झालंय ते बघायला दुसऱ्यातलंही.

जायफळाबद्दल एक शंका मी दरवर्षी मनातच ठेवतो, इथे लिहून टाकतो. लहान मुलांना झोप यावी म्हणून आपल्याकडे जायफळ उगाळून देतात. आणि ज्या रात्री लक्ष्मी दारोदार फिरून कोण जागं आहे ते बघते, त्या रात्रीच्या दुधात पूर्वजांनी नेमकं तेच घातलं. माझा अंदाज असा की पूर्वजांनाही सकाळी कामावर जायचं असावं.

या टप्प्यावर एक प्रश्न हमखास येतो : "दुधात चंद्र दिसला का?" उत्तर नेहमी हो. खरं पाहता तो दिसणं अवघड असतं. दुधाचा पृष्ठभाग येईल त्या उजेडातला फार थोडा भाग आरशाप्रमाणे परत फेकतो, बाकीचा दुधातच विखुरतो. त्यात वर साय, वाफ आणि केशर. नऊ वाजता चंद्र तिरका असतो, तेव्हा टाकी आड येते. मध्यरात्री ऑक्टोबरचा पूर्णचंद्र आपल्या अक्षांशावर जवळजवळ डोक्यावर येतो; तेव्हा त्याचं प्रतिबिंब बघायला पातेल्यावर सरळ ओणवं व्हावं लागतं, आणि मग चंद्राच्या आणि दुधाच्या मधे आपलंच डोकं येतं. पातेल्यात जे गोल पांढरं चमकताना दिसतं तो समोरच्या टॉवरचा एलईडी दिवा. पण हे सांगितलंत तर पुढच्या वर्षी तुम्हाला निरोप उशिरा मिळेल.

दहा वाजल्यानंतर

दहापर्यंत गच्चीवर स्पीकर चालू असतो. मुलांचे नाच, हाउजी, आणि दोन ओळींत संपणारं अध्यक्षांचं भाषण, जे दोन ओळींत संपत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत सणासुदीच्या वर्षाकाठी जास्तीत जास्त १५ दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याची मुभा राज्य सरकारला आहे, पण सोसायटीच्या कोजागरीसाठी कुणी ती मोजून ठेवत नाही. दहा वाजता स्पीकरची पिन निघते आणि मग एकदम लक्षात येतं की आपण इतका वेळ ओरडून बोलत होतो. गप्पा तिथून सुरू होतात. या नियमाने देशात शांतता किती आली ते मला सांगता यायचं नाही. मराठी माणसाच्या गप्पांवर मात्र त्याचे उपकार आहेत.

गाण्याच्या भेंड्या होतात. त्याबद्दल एवढंच : "ठ" आला की घाबरू नये, आणि चंद्राचं गाणं पहिल्या दहा मिनिटांत वापरून टाकू नये.

साडेदहाच्या सुमारास न्यू जर्सीहून व्हिडिओ कॉल येतो. तिथे दुपारचा एक वाजलेला असतो आणि आपला मित्र ऑफिसच्या मागच्या पार्किंगमध्ये डबा खात असतो. मोबाइल एका हातातून दुसऱ्या हातात फिरतो. प्रत्येक जण तीनच वाक्यं बोलतो : "अरे वाळलास की", "येतोस कधी?" आणि "दिसतंय का तुला?" तो पार्किंगच्या कडेची झाडं दाखवतो, लाल, केशरी, पिवळी. तिकडच्या शरदाची अपूर्वाई इथे मनापासून करावी. मग आपण त्याला चंद्र दाखवायचा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात तो पांढऱ्या ठिपक्याएवढा येतो; स्क्रीनवर चंद्रावर बोट ठेवून उजेड अगदी खाली ओढला तर डाग दिसायला लागतात. ही युक्ती माहीत असलेल्या माणसाला गच्चीवर मान मिळतो, ती शिकून घ्यावी. फोन ठेवताना तो "तुमची मजा आहे" असं म्हणतो. इथलं कुणीतरी "तुझीच मजा आहे" असं उत्तर देतं. यातलं कुठलंही तपासू नये.

फराळावर बोलताना जपून. "आम्ही या वर्षी चकल्या बाहेरूनच घेणार आहोत" हे वाक्य बोलणाऱ्या वहिनींचं खरं म्हणणं असं असतं की भाजणी दळून आलेली आहे, पण तसं आधी सांगितलं तर दोन घरांच्या चकल्या तळून द्याव्या लागतील. तुम्ही भाबडेपणाने एखाद्या दुकानाचं नाव सुचवलंत की त्या तुमच्याकडे ज्या नजरेने बघतात ती नवखेपणात सगळ्यांच्या वाट्याला येते.

दोन विषय वर्ज्य आहेत. एक पार्किंग. दुसरा इमारतीचा पुनर्विकास. चटईक्षेत्र किती मिळणार, कॉर्पस किती, भाडं किती, हे शब्द गच्चीवर पडले की चटया आपोआप दोन गटांत सरकतात. कुणी विषय काढलाच तर "दूध उतू जातंय!" असं मोठ्याने म्हणावं. यात खोटं काही नसतं. पाच लिटर दूध कधीही उतू जाऊ शकतं.

दिवाळीची सहल

साडेअकरा. दूध झालेलं असतं, पहिला कप पोटात गेलेला असतो, भेळेच्या कुरमुऱ्यांना कांदा-कैरी लागलेली असते. आता तो विषय निघतो ज्यासाठी मी हे सगळं टिपण लिहायला घेतलं : "यंदा दिवाळीत सगळे मिळून कुठेतरी जाऊ या."

नवख्या माणसाचा इथे घात होतो. त्याला वाटतं, सहल ठरते आहे.

आधी साधं गणित. आश्विन पौर्णिमेपासून आश्विन अमावस्येपर्यंत, म्हणजे लक्ष्मीपूजनापर्यंत, १५ दिवस. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. त्याआधी १२० दिवस होतं. म्हणजे ज्या रात्री आपण "कुठेतरी जाऊ या" म्हणतो त्या रात्री दिवाळीच्या गाड्यांचं आरक्षण उघडून दीड महिना झालेला असतो, आणि जुन्या हिशेबाने तर साडेतीन महिने. गच्चीवर बसलेल्यांपैकी निम्मे रोज रेल्वेनेच ये-जा करतात. त्यांना हे तोंडपाठ असतं. तरी ते बोलतात. का बोलतात हे कळलं की तुम्ही पास झालात.

बोलण्याची रीत वरून खाली उतरणारी आहे. सुरुवात लांबून करायची.

"जैसलमेर करू या. वाळवंटात तंबूत राहायचं."

"आईचे गुडघे आणि उंट?"

"मग केरळ. हाउसबोट."

"चौघांना ठीक आहे. आपण अठरा जण आहोत."

"दोन बोटी घेऊ."

"आणि तुमची बोट पुढे गेली की आम्ही बघत बसू होय?"

इथे हशा होतो आणि बोट पुढे नेणाऱ्या काकांवर दहा मिनिटं जातात. मग कुणीतरी हळूच म्हणतं, तारकर्ली. तारकर्लीला कुणाचा विरोध नसतो. मालवणी जेवण, समुद्र, समोर सिंधुदुर्ग. किल्ल्याच्या बांधकामाला १६६४ साली सुरुवात झाली हे सांगणारा एक जण प्रत्येक गच्चीवर असतो. त्याला सांगू द्यावं. शाकाहारी कुटुंबाचं कसं, तर सोलकढी आणि घावणे. रेल्वेचं कसं, तर कोकणच्या गाडीसाठी ठाणं, दिवा किंवा पनवेल गाठायचं. तिकीट कसं, तर तत्काळ : आदल्या दिवशी एसीचं दहाला, बिगर-एसीचं अकराला. अठरा तिकिटं तत्काळमध्ये? यावर थोडा विराम घेण्याची प्रथा आहे.

"आपापल्या गाड्या काढू." मग मुंबई–गोवा महामार्ग येतो. दशकाहून जास्त काळ रुंद होत असलेल्या या रस्त्यावर प्रत्येकाचं एक मत आणि एक पुलाखालचा डायव्हर्जन असतो. हा भाग लांबतो. लांबू द्यावा.

बारा वाजता सहल माथेरानला आलेली असते. हे सोयीचं आहे. नेरळपर्यंत आपली लोकलच जाते, पुढे १९०७ पासूनची छोटी गाडी. ती पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज बंद असते, यंदा सुरू झाली की नाही यावर तीन जणांचं वेगवेगळं म्हणणं पडतं. टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत जाता येतं, पण पुढे वाहनांना बंदी, मग आजींना घोड्यावर बसवायचं का? आजी जाग्या असतात. त्या म्हणतात, "बसेन की." यावर कुणाकडे उत्तर नसतं, म्हणून माथेरान सोडून द्यावं लागतं.

साडेबारा. कर्जतजवळच्या फार्महाउसचं नाव निघतं, कुणाच्या तरी मेहुण्याच्या ओळखीचं. एक वाजायच्या आत ते दिवाळीच्या पहिल्या दिवशी पहाटे फडके रोडला भेटण्यावर येतं. नवे कपडे, गणपतीचं दर्शन, गर्दीत एकमेकांना शोधणं, मिसळ. डोंबिवलीकर दिवाळीच्या सकाळी फडके रोडला जातोच, त्याला बेत लागत नाही. म्हणजे दीड तास बोलून, जैसलमेरहून निघून, सगळे जण जिथे तसेही असणार होते तिथे सुखरूप पोचलेले असतात. या प्रवासात वाळवंट झालं, बॅकवॉटर झालं, समुद्र झाला, डोंगर झाला. आणि कुणाचीही रजा खर्ची पडली नाही.

आता यात भाग कसा घ्यायचा. जागा सुचवणं सोपं काम आहे, ते मुलांना द्यावं. हरकत काढणं हे खरं कसब. चांगली हरकत ती, जिला कुणीतरी उत्तर देऊ शकेल आणि त्या उत्तरातून नवी हरकत निघेल. "तिथे थंडी असेल का हो?" ही उत्तम हरकत. "बाथरूम किती?" हीसुद्धा. "मला सुट्टी नाही" ही वाईट, कारण तिच्यापुढे कुणी काही बोलूच शकत नाही. आणि पैशांची हरकत कधीही काढू नये. अठरा जणांत एखादं तरी घर असतं ज्याचं यंदा जमणारं नसतं : नोकरी गेलेली असते, कुणाचं तरी ऑपरेशन झालेलं असतं. ते सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही. तारकर्लीचं तत्काळ तिकीट, महामार्गावरचे खड्डे, माथेरानची बंद गाडी या अडचणी लोक इतक्या हौसेने पुढे करतात त्यातल्या निम्म्या त्या घरासाठी असतात. त्या घरातले काका सगळ्यांत मोठ्याने जैसलमेर म्हणतात, हेही तुमच्या लक्षात येईल.

म्हणूनच सगळ्यांत धोकादायक माणूस कोण, तर जो खरोखर मोबाइल उघडतो. आमच्याकडे असा एक उत्साही भाडेकरू आला होता. पुनर्विकासाची चर्चासुद्धा ज्यांना पांगवू शकत नाही अशी माणसं जमलेली, तारकर्ली रंगात आलेली, आणि हा म्हणाला, "नऊ खोल्या मिळताहेत. आगाऊ रक्कम निम्मी. टाकू का?" त्या क्षणी गच्चीवरच्या सगळ्यांनी त्या रात्री पहिल्यांदाच चंद्राकडे नीट पाहिलं. मग एका वहिनींनी त्याला आणखी अर्धा कप दूध दिलं आणि विचारलं, "तुमचं गाव कुठलं?" त्याचं गाव अकोल्याजवळचं निघालं. तिकडे कोजागरीपर्यंत चालणारी भुलाबाई, तिची गाणी, झाकून आणलेली खिरापत हलवून ओळखायची चढाओढ, यावर तो पाऊण तास बोलला. खोल्या राहिल्या. दुसऱ्या वर्षी हाच माणूस "तिथे मोबाइलला रेंज असेल का?" अशी हरकत काढताना दिसला, तेव्हा त्याचं शिक्षण पूर्ण झालं असं आम्ही धरलं.

उठण्याविषयी

"चला, निघू या" हे वाक्य पहिल्यांदा ऐकल्यावर उठू नये. ते ठरावासारखं असतं, त्याला अनुमोदन लागतं. दुसऱ्यांदा ऐकल्यावर गुडघ्यावर हात ठेवावा. तिसऱ्यांदा म्हणताना बोलणारा उभा राहिलेला असतो. तेव्हा आपणही उभं राहावं आणि उभ्याउभ्या नवा विषय काढावा. ही वीस मिनिटं फार चांगली जातात. मुलांच्या शाळा, कुणाच्या आईची तब्येत, दिवाळी अंक कुठले घ्यायचे, आणि कुणी कुणाचे घेऊन गेल्या वर्षीपासून परत केलेले नाहीत, हे सगळं उभ्यानेच बोलायचं असतं. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली 'मासिक मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून तो कुणीतरी वाचायला नेला असेल आणि परत दिला नसेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

पातेलं घासायची जबाबदारी कुणाची, यावर न बोलता ते उचलून घरी न्यावं. तळाशी लागलेली खरवड त्याच्यासोबत येते आणि तिच्यावर दुसरं कुणी हक्क सांगत नाही.

हिशेब दुसऱ्या दिवशी येतो. दूध, सुका मेवा, गॅस, कागदी कप, भेळेचं सामान, वॉचमनची बक्षिसी. घरटी वर्गणी वजा खर्च, शिल्लक रुपये २४०. "माझे परत द्या" असं चुकूनही म्हणू नये. शिल्लक रक्कम दरवर्षी सहलीच्या फंडात जमा होते. त्याची एक स्वतंत्र वही खजिनदारांकडे आहे, मागितली तर ते दाखवतात. जमेच्या बाजूला पानं भरली आहेत. खर्चाच्या रकान्यात एकच नोंद आहे, ती त्या वहीच्या किमतीची.